अस्तरातलं नाणं

सोमवारी सकाळी त्या घरात टूथपेस्टवरून भांडण झालं. भांडण कसलं, एकतर्फी आरडाओरडाच तो. पारखीनं नुकतीच आणलेली नवी कोरी ट्यूब बेसिनच्या कडेला पडली होती आणि तिचं पोट पार पाठीला लागलं होतं.

"अगं, पेस्ट दात घासायला असते, भिंती रंगवायला नाही!" तिनं लेकीला सुनावलं.

"मी वाटाण्याएवढीच घेते," लेक म्हणाली.

"माझ्याकडे बघू नकोस," नवरा तोंड पुसत म्हणाला. "मला आज चिमटे काढून काढून पेस्ट काढावी लागली."

राहिल्या सासूबाई. त्या खिडकीशी बसून चहा पीत होत्या आणि बाहेर बघत होत्या. त्यांच्यावर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांना कवळी होती आणि ती त्या रात्री पाण्याच्या वाटीत ठेवून मोकळ्या व्हायच्या. ज्या बाईला दातच नाहीत ती पेस्ट कशाला चोरेल?

तसंही सासू-सुनेचं बोलणं बेताचंच. भांडण म्हणाल तर नव्हतं, गोडवा म्हणाल तर तोही नव्हता. "जेवण झाकून ठेवलंय", "दार ओढून घे", "दूध नासलंय" एवढ्यावर सासूबाईंचा दिवस निघायचा. पारखीनं मनाशी पक्कं धरलं होतं की म्हातारीला आपली नोकरी डोळ्यांत खुपते. एकदा का माणसानं असं काही पक्कं धरलं की मग त्याला पुरावेही रोज मिळतात, नाही का? सासूबाई गप्प बसल्या तर ते नोकरीमुळे, सासूबाई खाकरल्या तर तेही नोकरीमुळे.

पारखी हे तिचं आडनाव नव्हे. ती टांकसाळीत कामाला होती आणि तिथं सगळे तिला याच नावानं हाक मारत. टांकसाळीत दोन तऱ्हेची नाणी पडतात. एक आपलं बाजारातलं नाणं, यंत्रातून धडाधड पडतं, पोत्यात भरलं जातं, भाजीवाल्याकडून बसवाल्याकडे फिरून फिरून काळवंडतं. दुसरं प्रूफ नाणं. ते खर्चायचं नसतं, ते हौशी माणसं डबीत ठेवून नुसती बघतात. चित्र तेच, आकडा तोच, सालही तेच, पण थाट नवरदेवाचा. ठसा आधी घासूनपुसून आरशासारखा करायचा, एकाच नाण्यावर दोनदा दाब द्यायचा, आणि मग हातमोजे घालून ते असं उचलायचं की जणू तान्हं मूल. ही नाणी जिथं तपासली जात त्या खोलीला सगळे आरशाची खोली म्हणत. पारखी तिथली पहिली तपासनीस. नाण्यावर केसाएवढा ओरखडा किंवा बोटाचा पुसटसा डाग दिसला की तिनं म्हणायचं "नापास", आणि नाणं बादच्या पेटीत टाकायचं.

दुसरी तपासनीस होती घारबाई. डोळे घारीचे आणि स्वभावही जरा तसाच. पारखीनं पास केलेलं प्रत्येक नाणं पुन्हा तिच्या नजरेखालून जायचं. मध्यंतरी घारबाईच्या हातून एक डागाळलेलं नाणं पुढं गेलं, तर पारखीनं सगळ्यांच्या देखत म्हटलं, "बाई, आता चष्म्याचा नंबर तरी बदल, नाहीतर नोकरी बदल." झालं! तेव्हापासून दोघींचा अबोला. एकाच टेबलाशी बसायचं, एकाच दिव्याखाली काम करायचं आणि "तो ट्रे दे" हेसुद्धा तिसऱ्याच्या तोंडून सांगायचं. अशानं माणूस कामापेक्षा अबोल्यानंच जास्त दमतो.

आता त्या टांकसाळीचा एक कडक नियम होता. आत जाताना प्रत्येकानं आपल्या खिशातली नाणी फाटकावरच्या आपापल्या डबीत काढून ठेवायची. आतलं बाहेर नको आणि बाहेरचं आत नको, म्हणजे भानगडच नको. घरी जाताना डबीतली नाणी परत घ्यायची. आत जाताना डबी, बाहेर पडताना यंत्राची चौकट. धातूचं काही अंगावर असलं की चौकट ओरडायची.

मागच्या आठवड्यात पारखी नेमकी डबी उघडायची विसरली. बसथांब्यावर आल्यावर आठवण झाली, तोवर फाटकावरची खिडकी बंद. बसमध्ये ड्रायव्हरशेजारच्या पेटीत नाणं टाकल्याशिवाय आत जायची आडवी दांडी सरकत नाही. मग काय, निघाली पायी. घरी पोचली तेव्हा टाचेला हा एवढा फोड! सासूबाईंनी विचारलं, "का गं, चालत आलीस?" तेव्हा ती वैतागून म्हणाली होती, "आमच्याकडे बाहेरची नाणी आत चालत नाहीत, आई. बोटाचा डाग पडला तरी आम्ही नाणं बाद करतो, असली मळकी नाणी कोण आत घेईल?" सासूबाई "हं" म्हणाल्या आणि पाय बुडवायला गरम पाण्याची बादली आणून ठेवली. पारखीला वाटलं, हे "हं" पण नोकरीवरच होतं.

आणि कालच्या रविवारी सासूबाईंनी तिचं जाकीट मागून घेतलं. आरशाच्या खोलीत यंत्रांसाठी गारठा ठेवतात, म्हणून ती रोज आतून अस्तर लावलेलं, कापूस भरलेलं बिनबाह्यांचं जाकीट घालायची. "अस्तर उसवलंय, टाके घालते," एवढंच त्या म्हणाल्या. पारखीनं बघितलंही नाही. जाकीट शिवून खुंटीवर परत आलं, विषय संपला.

तर त्या सोमवारी संध्याकाळी काम सुटलं, पारखी रांगेत लागली, चौकटीतून पाऊल टाकलं आणि चौकट ओरडली.

"हेअरपिन असेल," झडती घेणारी बाई म्हणाली. पारखीनं डोक्याला हात लावला, पिन प्लॅस्टिकची होती. घड्याळ काढलं. पुन्हा गेली, पुन्हा ओरडली. मागं रांग तुंबली. कुणीतरी म्हणालं, "पारखे, पोटात तर नाही ना गिळलंस काही?" सगळे हसले, तीही हसली.

झडतीवालीनं तिच्या जाकिटावरून हात फिरवला आणि तो डाव्या कडेशी थांबला. "काय आहे हे?"

"कुठं काय?"

"हे बघा ना. अस्तराच्या आत. गोल आहे, कडक आहे."

कात्री आली. टाके इतके बारीक आणि घट्ट होते की झडतीवालीला चार वेळा कात्री घालावी लागली. आत, तळव्याएवढा, व्यवस्थित शिवलेला एक चोरखिसा होता. त्यातून एक नाणं टुणकन बाहेर पडलं, फरशीवर गोल गोल फिरलं आणि दिव्याखाली जाऊन चकाकत पडलं.

रांगेतलं हसू जागच्या जागी गोठलं. पारखीच्या डोळ्यांना एकच सवय होती. इतकी वर्षं त्या इमारतीत तिनं जे चकाकतं नाणं पाहिलं ते प्रूफच पाहिलं होतं, आणि मनात पहिला शब्द तोच आला. प्रूफ! तिचं तिलाच कळेना, माझ्या जाकिटात प्रूफ कसं? बादच्या पेटीत टाकताना आत घरंगळलं? पण चोरखिसा कसा घरंगळेल?

साहेबांना बोलावणं गेलं. साहेब हे आरशाच्या खोलीचे मुख्य, शांत माणूस, आवाज चढवणं त्यांना येतच नसे. आज त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं असं पारखीला वाटलं. त्यांनी पारखीला आणि झडतीवालीला बाजूच्या खोलीत बसवलं, नाणं रुमालानं उचलून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "सालही चालू वर्षाचंच आहे."

"साहेब, मी नाही घेतलं हो. शपथ!"

"मोजणीत आज काही कमी नाही," साहेब म्हणाले. "पण बादची नाणी आपण मोजत नाही, तोलतो. त्यातलं एखादं गेलं तर काट्याला कळत नाही. आणि बादच्या पेटीत नाणं टाकतं कोण, हे तुम्हाला माहीत आहे."

टाकत होती तीच. चोरीचा आळ आला की टांकसाळीत दुसऱ्या दिवशी माणूस नसतो. नोकरी जाईल ते जाईल, पण लोक काय म्हणतील? लेकीला शाळेत काय ऐकावं लागेल? आणि सासूबाई? त्या काही बोलणार नाहीत, नुसत्या "हं" म्हणतील, आणि ते "हं" आपल्याला जन्मभर पुरेल.

नियमाप्रमाणे संशयाचं नाणं पहिल्या तपासनिसानं बघायचं. पण पहिली तपासनीसच आरोपी म्हटल्यावर राहिली दुसरी. साहेब म्हणाले, "घारबाईंना बोलवा."

आणि मग पारखीच्या डोक्यात भलताच किडा वळवळला. जाकीट चहाच्या सुट्टीत खुंटीवर टांगलेलं असतं. खुंटी घारबाईच्या शेजारी. सुई-दोरा काय, कुणाच्याही पर्समध्ये असतो. चष्म्याचं ते बोलणं घारबाई विसरली थोडीच असेल? हिनंच तर डाव साधला नाही ना? आणि आता हीच नाणं बघणार! म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

घारबाई आली. पारखीकडे तिनं बघितलंही नाही. हातमोजे चढवले, दिवा ओढून जवळ घेतला, भिंग डोळ्याला लावलं. नाणं दोन बोटांत कडेनं धरलं आणि ते दिव्याखाली जरासं कलंडवलं. मग पुन्हा कलंडवलं. पालथं केलं. बोटानं कडेवरून एक फेरी मारली. पारखीला वाटलं, आपल्या छातीची धडधड त्या चौकटीलाही ऐकू जाईल आणि ती पुन्हा ओरडेल.

"शी!" घारबाई म्हणाली.

"काय झालं?" साहेब पुढं झाले.

"नापास! सपशेल नापास! इतकं भिकार नाणं माझ्या हातात कधी आलं नव्हतं."

"म्हणजे बादच्या पेटीतलंच ना?"

"अहो साहेब, बादच्या पेटीलासुद्धा काही अब्रू असते. हे प्रूफच नाही! बाजारातलं नाणं आहे, भाजीवाल्याच्या गल्ल्यातलं. कुणीतरी मरेस्तोवर घासलंय, बस."

साहेबांनी भिंग घेतलं. घारबाई त्यांच्या खांद्यावरून बोट दाखवत होती, आणि इतक्या दिवसांच्या अबोल्यात साठलेलं सगळं बोलणं आताच बाहेर काढत होती. "नाण्यावरचं हे जहाज बघा. आपल्या प्रूफवर चित्रामागची मोकळी जागा आरशासारखी असते आणि जहाज दुधी काचेसारखं पांढुरकं, निस्तेज. इथं उलटं आहे. शिडाचं फुगलेलं पोट चकाकतंय, कारण फडकं उंचवट्यावर आधी लागतं. आणि खाली, जिथं फडकं पोचलं नाही तिथं, शिडाच्या दोऱ्यांत काळं तसंच बसलंय. कड बघा, आपली कड सुरीसारखी उभी असते, ही घासून घासून गोल झालीय, दोन ठिकाणी पोचा आलाय. आणि या आरशात तोंड बघायला गेलात तर गोल गोल रेघा दिसतील. घासणाऱ्यानं जीव लावून घासलंय हो, एका तालात."

साहेबांनी बराच वेळ पाहिलं. मग भिंग खाली ठेवलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "खरंच की! आणि माझ्याही डोळ्याला प्रूफच दिसलं."

"इथं आपण सगळेच आंधळे झालोय," घारबाई म्हणाली. "फाटकावर आपली नाणी काढून ठेवतो, दिवसभर नुसती प्रूफ बघतो. चकाकलं की आपलंच, असं वाटतं." तिनं एक टाचणी घेतली, जहाजाखालच्या अक्षरांच्या खाचेत घातली आणि टोकावर आलेला पांढरा कण नाकाशी नेला. कपाळाला आठी पडली. पुन्हा हुंगलं. "पुदिना?"

"काय?"

"पुदिन्याचा वास येतोय, साहेब. टूथपेस्ट आहे ही!"

पारखी खुर्चीतून उठली आणि पुन्हा बसली. पोट पाठीला लागलेली ती ट्यूब तिच्या डोळ्यांसमोर आली. खिडकीशी बसून बाहेर बघणाऱ्या सासूबाई आल्या. कवळी आली, खुंटीवरचं जाकीट आलं, ते मुंगीच्या पावलांएवढे टाके आले. आणि स्वतःचंच वैतागलेलं वाक्य कानात वाजलं, "असली मळकी नाणी कोण आत घेईल?"

अगं बाई! म्हातारीनं नियम अक्षरशः तसाच ऐकला होता. मळकं चालत नाही ना? मग घ्या, चकचकीत! सुनेला पुन्हा पायी यायला लागू नये म्हणून एक नाणं सतत अंगाशी असावं, आणि आत कुणी नाव ठेवू नये म्हणून ते आरशासारखं असावं. नाणंही डब्यातलं सगळ्यात नवं शोधून काढलं असणार, म्हणून तर साल चालू वर्षाचं.

पारखीला आधी हसू आलं. मग रडू आलं. मग दोन्ही एकदम यायला लागलं आणि झडतीवालीनं घाबरून पाण्याचा पेला पुढं केला. "माझ्या सासूबाई!" ती कशीबशी म्हणाली. "त्यांना दात नाहीत हो साहेब, त्यांनी माझी अख्खी पेस्ट या नाण्याला लावली!" मग तिनं फोडाची, बादलीची आणि जाकिटाची सगळी हकीकत सांगितली. साहेब ऐकताना दोनदा खिडकीकडे वळले. हसू आवरायला वळले की आणखी कशाला, ते त्यांचं त्यांना माहीत.

"हे पाहा," शेवटी ते म्हणाले, "बाहेरचं नाणं आत आलं, नियम मोडलाच. त्याबद्दल तुम्हाला मी तोंडी समज देतोय. दिली. आता घरी जा." नाणं तिच्या हातात ठेवून ते निघाले आणि दारात थांबले. "आणि त्यांना सांगा, घासण्यात हात चांगला आहे."

पारखीचा जीव भांड्यात पडला. आणि असा पडला की भांड्याचा आवाज तिला बसथांब्यापर्यंत ऐकू येत राहिला.

फाटकावरच्या डबीतली नाणी आठवणीनं घेऊन ती निघाली, तेव्हा घारबाई बरोबरीनं चालत होती. पारखीच आधी म्हणाली, "तू म्हणाली असतीस ना प्रूफ आहे म्हणून, तर संपले असते मी."

"वेडी आहेस का? नाणं बघताना मी नाणंच बघते. तुझं तोंड बघत नाही."

"आणि मला वाटलं होतं, तूच शिवलंस ते आत."

घारबाई थांबली. आता पुन्हा अबोला, असं पारखीला वाटलं. पण ती म्हणाली, "मला टाके इतके बारीक घालता आले असते तर मी इथं कशाला राबले असते?" आणि मग दोघी इतक्या हसल्या की एक बस समोरून निघून गेली.

"तुझ्या चष्म्याचं बोललेलं मागं घेते मी," पारखी म्हणाली.

"घेऊ नकोस. नंबर खरंच वाढला होता. बदललाय मी," घारबाई म्हणाली.

बसमधून उतरल्यावर पारखी कोपऱ्यावरच्या दुकानात शिरली. घरी पोचली तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी आधी तिच्या पायांकडे बघितलं.

"बसनं आलीस ना?"

"हो आई. बसनं."

"हं," सासूबाई म्हणाल्या. आज त्या "हं"मध्ये काय आहे ते पारखीला स्वच्छ दिसलं, आणि इतके दिवस दिसलं नाही याचं फार वाईट वाटलं. सासूबाईंची नजर जाकिटावर गेली. कात्रीनं कापलेलं अस्तर लोंबत होतं. "सापडलं वाटतं तुला. मी सकाळी सांगणार होते, पण तू पेस्टवरून ओरडत होतीस, म्हटलं, कशाला उगाच. कामी आलं का?"

"आलं."

"आत कुणी काही म्हणालं नाही ना? मी चांगलं दोन दिवस घासलं हो. तुमच्याकडे डाग चालत नाही, म्हणून."

पारखीनं खिशातून ते नाणं काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. "सगळ्यांनी बघितलं, आई. आमच्या साहेबांनीसुद्धा. भिंग लावून, दिव्याखाली."

"अगं बाई! मग?"

इतकी वर्षं पारखीनं केसाएवढ्या ओरखड्यालाही कधी माफी दिली नव्हती. त्या घासलेल्या, पोचे आलेल्या, पुदिन्याचा वास मारणाऱ्या नाण्याकडे तिनं एकदा बघितलं.

"पास झालं," ती म्हणाली.

सासूबाईंचा चेहरा असा फुलला की कवळी सगळी दिसली. त्यांनी नाणं पदराला पुसलं, उजेडाकडे धरलं, स्वतःशीच मान डोलावली.

"फक्त आता अस्तरात शिवू नका," पारखी म्हणाली. "सकाळी निघताना हातातच देत जा. फाटकावर डबी असते, तिथं ठेवीन मी. आणि मळकं असलं तरी चालतं तिथं."

"मळकं कशाला देईन मी तुला?" सासूबाई जरा रागावूनच म्हणाल्या.

पारखीनं पिशवीत हात घातला. दुकानातून तिनं दोन ट्यूबा आणल्या होत्या. एक तिनं बेसिनवर ठेवली. दुसरी खिडकीशी नेऊन, सासूबाईंच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली.

"ही तुमची," ती म्हणाली.